वाकणारा सूर आणि न वाकणारी कळ

कोतो आणि शाकुहाची ही जपानची परंपरागत वाद्ये व्हायोलिन, चेलो, पियानो या युरोपीय वाद्यांच्या शेजारी बसवून, शे-दीडशे श्रोत्यांपुरत्या लहान सभागृहात नवे संगीत सादर करण्याचा उपक्रम आता जगातील अनेक नगरांत रूढ झाला असून, त्यावर लिहिणाऱ्या समीक्षकांची लेखणी बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते : हा संगम खरा की नुसता शेजार? हा प्रश्न टोकियो-पॅरिसच्या मंडळींनी सोडवावा, भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी ऊस व ज्वारी पिकविणाऱ्या मुलखास त्याचे काय सोयरसुतक, असे वरवर पाहता वाटेल. परंतु शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत लग्नाच्या वरातीपासून चौफुल्याच्या संगीत बारीपर्यंत जी वाद्ये आज वाजतात, त्यांच्या कुळाचा दाखला काढून पाहावा; म्हणजे असे आढळून येईल की जपानी तंतुवाद्य, फ्रान्समध्ये जन्मलेली पेटी, पलटणीच्या बँडातून उतरलेला ढोल आणि आपली ढोलकी यांचा सहवास येथे बराच जुना आहे, तो कोणत्याही परिषदेच्या ठरावाने घडलेला नाही, आणि त्याच्या बऱ्यावाइटाची गांभीर्याने चर्चा मात्र फारशी झालेली नाही. ती करण्याचा या लेखाचा हेतू आहे.

कसोटीपुरते प्रथम जपानकडे पाहू. मिचिओ मियागी हा १८९४ साली कोबे येथे जन्मलेला आणि बालवयातच दृष्टी गमावलेला कोतोवादक. त्याने १९२९ साली कोतो आणि शाकुहाची या दोन वाद्यांसाठी ‘हारु नो उमी’ ही रचना केली, आणि १९३२ मध्ये जपानच्या दौऱ्यावर आलेल्या रने शमे या फ्रेंच व्हायोलिनवादिकेने तीतील शाकुहाचीचा भाग आपल्या व्हायोलिनवर घेऊन ती मियागीबरोबर वाजवून ध्वनिमुद्रित केली. त्या ध्वनिमुद्रिकेने ही रचना जपानबाहेर नेली. आता प्रश्न असा की शाकुहाचीची जागा व्हायोलिनने घेतली आणि तरी रचनेचा प्राण गेला नाही, हे कशामुळे? माझ्या मते त्याचे उत्तर वाद्यांच्या देहरचनेत आहे. कोतोच्या तेरा तारा सरकत्या घोड्यांवर ताणलेल्या असतात. उजव्या हाताने तार छेडली जात असताना डावा हात घोडीच्या पलीकडे तीच तार दाबून सूर वर चढवितो. शाकुहाचीवादक ओठांशी बांबूचा कोन बदलून, मान किंचित खाली-वर करून, एकाच छिद्रातून सुराला खाली ओढतो आणि पुन्हा वर सोडतो. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदेच नसल्यामुळे बोटाला दोन सुरांमधला सारा प्रदेश मोकळा असतो. तिन्ही वाद्यांत सूर वाकतो. आपल्याकडे ज्याला मींड म्हणतात त्याचे सगेसोयरे तिघांच्याही घरी आहेत, आणि म्हणूनच टोकियोच्या अंध वादकाला पॅरिसच्या बाईंशी संभाषण करता आले.

दुसरा मार्ग तोरु ताकेमित्सु या जपानी संगीतकाराचा. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५ व्या वर्षाच्या निमित्ताने त्याने १९६७ साली ‘नोव्हेंबर स्टेप्स’ ही रचना केली. सेइजी ओझावा यांच्या संचालनाखाली ती झाली, बिवा हे जपानी तंतुवाद्य किंशी त्सुरुता यांनी आणि शाकुहाची कात्सुया योकोयामा यांनी वाजविली. येथे ताकेमित्सुने संगमाचा आग्रहच सोडून दिला. वाद्यवृंद बोलतो तेव्हा जपानी वाद्ये बव्हंशी मौन पाळतात, आणि ती दोघे दीर्घकाळ बोलू लागली की वाद्यवृंद निःशब्द राहतो. दोन संस्कृतींमधले अंतर बुजविण्यापेक्षा ते अंतरच ऐकवावे, ही भूमिका मला कलावंताच्या प्रामाणिकपणाची परमावधी वाटते. परंतु ती मोठ्या रंगमंचाला शोभणारी भूमिका आहे. बैठकीत, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसांत, असे अलिप्त राहता येत नाही. तेथे मियागीचाच मार्ग धरावा लागतो, आणि त्या मार्गावर पहिली पृच्छा हीच होते की कोणत्या वाद्याचा सूर वाकतो, कोणत्याचा वाकत नाही, आणि जो वाकत नाही त्याने कोणाच्या मागे चालावे.

ही पृच्छा घेऊन आपल्या वरातीतल्या बेंजोकडे यावे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता याने तैशोगोतो नावाचे एक वाद्य सिद्ध केले. कोतोच्या घराण्यातल्या लहान वाद्याच्या तारांवर त्याने टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसविल्या. डाव्या हाताने कळ दाबावी, म्हणजे तार खालच्या पडद्यावर टेकते, आणि उजव्या हातातल्या नखीने ती छेडावी. ज्याला कोतोची दीर्घ तालीम परवडत नाही अशा सामान्य घरातील माणसालाही चार दिवसांत एखादी चाल काढता यावी, असा त्याचा उद्देश होता, आणि तो इतका सफल झाला की जपानी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर हे वाद्य बलुचिस्तानापासून बालीपर्यंत आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पसरले. बलुचिस्तानात ते ‘बेंजू’ झाले आणि तेथील वादकांनी त्याचा आकार वाढवून त्याला आपल्या लोकसंगीताचे प्रमुख वाद्य केले. आपल्या देशात ते ‘बुलबुलतरंग’ म्हणून घरोघरी आले आणि महाराष्ट्रात ‘बेंजो’ म्हणून रस्त्यावर उतरले. रवी जाधव यांचा २०१६ चा ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट याच वाद्याच्या वादकांविषयी आहे.

बेंजो जवळून पाहण्यासारखा असतो. लांबट लाकडी पेटी, तीवर झाकणासारखी पट्टी, पट्टीवर दोन ओळींत गोल कळा, आणि वर्षानुवर्षांच्या बोटांनी त्या कळांवरचे आकडे पुसले गेलेले. पोटाशी विजेचा पिकअप चिकटवलेला आणि त्याची तार गाड्यावरच्या अँप्लिफायरकडे गेलेली. वाजविणारा तरुण नखी इतक्या वेगाने फिरवितो की एकेक सूर तुटक न लागता सलग झाल्याचा भास व्हावा. हा भास निर्माण करण्यातच त्याचे सारे कौशल्य आहे, कारण मोरिताने कळा बसविल्या त्या क्षणी कोतोच्या डाव्या हाताची तार दाबून सूर चढविण्याची सोय नाहीशी झाली. कोमल गांधारावरून ऋषभावर उतरताना गळा जो मार्ग आक्रमितो, त्या मार्गावर बेंजोला पायऱ्याच पायऱ्या आहेत, उतार कोठेही नाही. आमच्याकडचे चांगले बेंजोवादक यावर जो उपाय करतात तो विशेष लक्षात घेण्यासारखा आहे : खालची कळ पुरती सोडण्याच्या आत वरची कळ दाबून, दोन सूर निमिषमात्र एकमेकांत मिसळल्याचा भास उत्पन्न करून, ते मींडीची सावली उभी करतात. ही विद्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नाही. गणपतीच्या आणि जत्रेच्या हंगामात गाड्यावर उभे राहून, जुन्या वादकाच्या बोटांकडे पाहत ती उचलावी लागते. एका यंत्राच्या उणिवेशी झगडत लोकांनी निर्माण केलेली ही कला आहे, आणि तिला ‘वरातीचा गोंगाट’ या एका सदरात ढकलून देणारा सुशिक्षित श्रोता अन्याय करीत असतो.

पाश्चात्त्य वाद्ये आमच्या मुलखात कोणत्या वाटांनी आली, याचाही थोडक्यात निर्देश केला पाहिजे. शिरूर हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारच्या फौजेचे ठाणे होते. १८१७ सालच्या अखेरच्या रात्री पुण्याकडे निघालेली आणि वाटेत कोरेगाव भीमेस लढलेली तुकडी येथल्याच छावणीतून निघाली होती, आणि छावणी म्हटली की तिच्याबरोबर बिगूल आणि कवायतीचा ढोल आलाच. पुढे १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू होऊन दौंड हे जंक्शन झाले आणि रेल्वेच्या वसाहतीबरोबर परगावची माणसे, त्यांची प्रार्थनामंदिरे व त्यांची गाणी तेथे वस्तीस आली. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन वसविले, तेव्हा सामुदायिक उपासनागायन हा प्रकार दौंड तालुक्याच्या कानांवरून जाऊ लागला. आणि नगरच्या बाजूस रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला ओवी-अभंगाचे वळण देऊन, परक्या सुरावटीपेक्षा देशी चालच या मातीत रुजते हे दाखवून दिले. पलटण, आगगाडी आणि उपासनामंदिर ह्या तीन वाटांनी आलेल्या वाद्यांपैकी बहुतेक बँडवाल्यांच्या स्वाधीन झाली. एकच वाद्य मात्र घरात, देवळात, नाटकात, कीर्तनात आणि बारीत असे सर्वत्र शिरले. ते म्हणजे पेटी.

पेटीची हकीकत जपानच्या हकीकतीशी इतकी गुंतलेली आहे की तिचा विस्तार करण्याचा मोह आवरत नाही. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ याने १८४० च्या सुमारास हार्मोनियमचे पेटंट घेतले, हे सर्वश्रुत आहे. परंतु तिच्यात थरथरणारी जी पितळेची मुक्त जीभ, तिचे मूळ पूर्व आशियात सापडते. चीनमधील शेंग हे बांबूच्या नळ्यांचे वाद्य अठराव्या शतकात युरोपात पोहोचले आणि त्याच्या अभ्यासातून युरोपीय कारागिरांना मुक्त जिभेच्या वाद्यांची प्रेरणा मिळाली. त्याच शेंगचे जपानी रूप म्हणजे दरबारी गागाकु संगीतातील शो. वादक हे वाद्य निखाऱ्यावर धरून शेकतो, म्हणजे श्वासाच्या ओलाव्याने त्याच्या जिभा बंद पडत नाहीत. चौफुल्याच्या बारीतील पेटी आणि जपानी दरबारातील शो ही अशी दूरची भावंडे ठरतात. पुढचा योगायोग त्याहून विलक्षण आहे. १८८७ साली हामामात्सु येथील शाळेतला बिघडलेला परदेशी ऑर्गन तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने दुरुस्त केला आणि त्यातून पुढे एक प्रचंड उद्योग उभा राहिला; आणि त्याच पाव शतकात कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी पायाने भाता मारण्याच्या ऑर्गनला मांडी घालून बसणाऱ्या गायकासाठी हातपेटीचे रूप दिले. जपानात सरकारी शिक्षणखात्याने शाळाशाळांतून युरोपीय स्वरसप्तक शिकविण्याचा बंदोबस्त केला आणि नवी पिढी त्या सप्तकावरच वाढविली. आमच्याकडे असा हुकूम कोणी काढला नाही. वाद्य आले, पण कान जुनाच राहिला, आणि तो वाद्याशी भांडत राहिला.

हे भांडण अत्यंत फलदायी ठरले, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी क्लेमंट्स या न्यायखात्यातील इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा प्रयत्न केला, अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या प्रयोगांना आपला गळा दिला, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला. गोविंदराव टेंबे यांनी दुसऱ्या बाजूने, पेटी आहे तशीच ठेवून, तिच्यावर गायकीचे मर्म कसे उमटविता येते हे आपल्या बोटांनी सिद्ध केले. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. बंदीचे समर्थन करणाऱ्यांचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता, कारण पेटीचा सूर खरोखरच वाकत नाही. पण न वाकणारा सूर मैफलीत नकोच, हा त्यांचा निष्कर्ष मात्र चुकीचा होता, आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा आकाशवाणीच्या कक्षात मिळण्यासारखा नव्हता. तो संगीत बारीत, रात्री दहानंतर, मिळत होता.

शिरूरहून न्हावऱ्यावरून येणारा रस्ता भीमा ओलांडून पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो तेथे चौफुला आहे, आणि चौफुल्याची कलाकेंद्रे साऱ्या महाराष्ट्रात परिचित आहेत. ज्यांनी ती बाहेरूनच पाहिली आहेत, त्यांच्या मनात ट्रकांची रांग, रंगीत दिवे आणि बदनामी यांखेरीज दुसरे चित्र नसते. रंगमंचावर प्रत्येक पार्टी आपापली बारी सादर करते हे खरे; पण या कलेचे हृदय आतल्या खोलीतील बैठकीत आहे, आणि ती बैठक म्हणजे, युरोपीय परिभाषेत बोलायचे तर, शुद्ध ‘चेंबर म्युझिक’ होय : एक किंवा दोन गायिका, एक पेटी, एक तबला, एक ढोलकी, आणि दहा-वीस ऐकणारे. गाणे-नाचणे हीच ज्यांची वतनदारी समाजाने ठरवून टाकली आणि वर त्याच वतनदारीबद्दल ज्यांना हिणविले, अशा स्त्रियांनी ही कला पिढ्यान्पिढ्या जतन केली. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी ओलांडून गेल्या होत्या, यावरून राजमान्यता किती उशिरा पोहोचली ते कळते. या मुलखाने लावणीला रचनाकारही दिले आहेत. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनी तमाशाच्या फडांसाठी आणि लावणीच्या कलावतींसाठी आयुष्यभर लिहिले, आणि विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांना लाभला.

बैठकीची लावणी पेटीवाल्याच्या बाजूने ऐकावी. गायिका एक गुडघा उभा धरून बसलेली असते. पहिली ओळ ती साधी म्हणते, आणि मग तीच ओळ पुन्हा पुन्हा घेत, दर वेळी एखाद्या शब्दावर नवी अदा ठेवत जाते. पेटीवाल्याची नजर कळांवर नसते, ती तिच्या ओठांवर असते. पंचमावरून ती गांधाराकडे घसरू लागली की अपक्व साथीदार मधल्या साऱ्या कळा पटापट वाजवून तिच्या मागे धावतो, आणि त्या घसरणीचे तुकडे तुकडे करतो. कसलेला पेटीवाला तसे करीत नाही. तो भात्याचा दाब हलका करतो, पंचमाला विरू देतो, मधल्या उतारावर केवळ तिचा गळा राहू देतो, आणि ती गांधारावर येऊन टेकल्यानंतर, किंचित उशिराने, त्या सुराखाली हात धरावा तशी आपली कळ दाबतो. जी गोष्ट आपल्या वाद्याला येत नाही ती न करण्याचा हा संयम, हीच मिश्रवाद्य-संगीताची सर्वोच्च विद्या आहे. दुसऱ्या अंगाला ढोलकी. तिच्या उजव्या पुडीचा सूर गायिकेच्या पट्टीला, काळी चार असेल तर काळी चारला, मिळविलेला असतो, आणि डाव्या पुडीवर तळव्याचा दाब कमी-जास्त करून वादक जो घुमारा उठवितो तो चढतो आणि उतरतो, म्हणजे तोही वाकतो. गळा आणि ढोलकी यांच्यामध्ये न वाकणारी पेटी अशी बसविलेली असते की तिच्या ताठपणामुळे त्या दोघांचे लवचीकपण अधिक स्पष्ट व्हावे. मियागी आणि शमे यांनी जे साधले त्याहून ही गोष्ट अवघड आहे, कारण त्यांच्या दोन्ही वाद्यांना वाकता येत होते.

आता सांप्रतच्या स्थितीकडे वळले पाहिजे, आणि ती समाधानकारक नाही. बारीतल्या पेटीच्या शेजारी प्रथम ‘कॅसिओ’ आला. मग ढोलकीच्या शेजारी, आणि पुढे पुष्कळ ठिकाणी ढोलकीच्या जागी, ऑक्टोपॅड आला. दोन्ही जपानी. काशिओ बंधूंच्या कंपनीने १९८० मध्ये आपले पहिले कळफलक वाद्य बाजारात आणले, आणि रोलँड कंपनीने १९८५ मध्ये ऑक्टोपॅड आणला. मोरिताच्या कळांनंतर जपानी यंत्रज्ञान दुसऱ्यांदा आमच्या संगीतात शिरले ते असे. नव्या वाद्याला आल्याबरोबर दूषण देणे हे मला मान्य नाही. पेटीच्या बाबतीत ती चूक एकदा झालेली आहे. कॅसिओच्या जातीच्या पुष्कळ वाद्यांवर डाव्या बाजूस एक लहानसे चक्र असते, ते अंगठ्याने फिरविले की दाबलेला सूर वर-खाली ओढला जातो. म्हणजे १९१२ साली कळेने जे हिरावून घेतले ते या चक्राने परत दिले आहे. सुगम संगीताच्या वाद्यवृंदांत असे वादक आहेत की जे या चक्रावर सनईची आस आणि सारंगीची कळवळ उतरवितात. बारीतल्या तरुण वादकांपैकी ज्यांना गाण्याचा कान आहे तेही आता या चक्राशी खेळू लागले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मोठी आशा वाटते.

ऑक्टोपॅडविषयी तसे म्हणता येत नाही. आठ चौकोनी गाद्या, प्रत्येकीत साठविलेला एकेक ध्वनी, आणि काठीने मारले की तोच ध्वनी तसाच्या तसा. ढोलकीचा ठेका त्यातून निघतो, पण त्या ठेक्यात तळवा नसतो. गायिकेने सम किंचित लांबविली, एखाद्या अदेवर क्षणभर रेंगाळली, तर ढोलकीवाला घुमारा ओढून तिची वाट पाहतो. ऑक्टोपॅडवाल्याच्या हाती थांबणे किंवा न थांबणे एवढेच असते. आणि ज्या ठिकाणी यंत्रात भरून ठेवलेला ताल आपला आपण चालू लागतो, तेथे गायिकेलाच यंत्राच्या मागे जावे लागते. मग लय द्रुत राहते, बालेघाटीसारखी विलंबित, विरहाची लावणी मागे पडते, आणि फर्माईश चित्रपटातील गाण्याची होते. याच्या पुढचा टप्पा म्हणजे ध्वनिमुद्रित गाण्यावर नाच. त्यात पेटीवाला नाही, ढोलकीवाला नाही, गाणारा गळाही नाही. या टप्प्यास मिश्रण म्हणण्याचे कारण उरत नाही, आणि त्याच्या गुणदोषांची चर्चा संगीतसमीक्षेच्या कक्षेत येत नाही. फक्त त्या खोलीत ज्यांची उपजीविका होती त्या वादकांचे काय झाले, एवढा प्रश्न शिल्लक राहतो.

रस्त्यावरच्या बेंजोची गतही याच दिशेने आहे. पिकअप लावण्यापूर्वी या वाद्याचा नाद इतका बारीक होता की ते ऐकण्यासाठी जवळ यावे लागे. आता तो भिंतीएवढ्या स्पीकरांतून येतो, आणि आमच्या बेंजोवाल्याने कष्टाने साधलेली ती मींडीची सावली, तो दोन सुरांच्या निमिषमात्र मिसळण्याचा भास, त्या आवाजात संपूर्ण बुडून जाते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे, तिची अंमलबजावणी पोलीस ठाण्याच्या दप्तरात किती आणि रस्त्यावर किती, हे सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र या मर्यादेचा विचार आरोग्यापेक्षा कलेच्या दृष्टीने करावासा वाटतो. आवाज वाढला की प्रथम मरतो तो वाकणारा सूर. ताठ सूर कोणत्याही गोंगाटातून वाट काढतो, आणि म्हणून गोंगाटात ताठ सुरांचेच राज्य होते.

नागर रंगमंचावर याहून बरे घडत आहे, हे मान्य केले पाहिजे. मुंबईच्या एनसीपीएत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, आणि २०१५ मध्ये त्याच वाद्यवृंदाबरोबर झाकीर हुसेन यांनी ‘पेशकार’ हा आपला तबल्याचा कन्चेर्टो सादर केला. तेथे तबल्याच्या बायाचा घुमारा चाळीस-पन्नास व्हायोलिन-चेलोंच्या समोर निर्भयपणे वाकत राहतो, कारण समोरची वाद्येही वाकणारीच आहेत आणि संचालकाला ऐकण्याची शिस्त आहे. पण असे प्रयोग करणाऱ्या मंडळींनी संगीत बारीतील पेटीवाल्याकडे कधी पाहिल्याचे जाणवत नाही. बाखचा अभ्यास करून, कोतोची माहिती मिळवून, मग ‘पूर्व-पश्चिम संवाद’ रचणाऱ्या आमच्या तरुण रचनाकाराला पुण्याहून दीड तासाच्या अंतरावर हा संवाद कित्येक वर्षे अव्याहत चालू आहे, याची खबर नसावी ही खेदाची गोष्ट आहे. खबर असूनही तेथे जाण्यास संकोच वाटत असेल तर ती अधिक खेदाची.

शिरूर आणि दौंड येथील महाविद्यालयांच्या सभागृहांना, ग्रामपंचायतींना आणि जत्रेच्या पंचमंडळींना माझी एक मागणी आहे, आणि ती फार खर्चाची नाही. वर्षातून काही वेळा शंभर माणसांपुरती बैठक भरवावी. तीत ध्वनिक्षेपक नसावा. बारीतली एक ज्येष्ठ गायिका, तिची पेटी, तिची ढोलकी. त्यांच्याबरोबर पिकअप काढून ठेवलेला बेंजो, आणि चक्र चालविता येणारा एक कॅसिओवादक, त्याचा आवाज पेटीच्या आवाजापुढे न जाईल इतका. बेंजोच्या तारा गायिकेच्या पट्टीला मिळवाव्यात आणि बेंजोवाल्यास सुरुवातीच्या दोन लावण्या नुसत्या ऐकावयास लावाव्यात. एक बालेघाटी, एक छक्कड लावणी, आणि वेळ उरल्यास मोमीन कवठेकरांची एखादी रचना. पुण्यात राहणारा कोणी जपानी वादक शाकुहाची घेऊन येण्यास तयार असेल तर त्याला ढोलकीच्या शेजारी नव्हे, गायिकेच्या समोर बसवावे, कारण त्या खोलीत त्याची खरी सोबत तिच्या गळ्याशी आहे. आणि वादकांना बिदागी द्यावी ती त्याच गावाने त्या वर्षी डीजेला दिलेल्या भाड्याच्या बरोबरीने द्यावी. कलाकेंद्राच्या मालकिणीच्या हाती न देता, ज्याच्या त्याच्या हाती द्यावी. आणि पेटीवाल्याची गायिकेपेक्षा फार कमी नसावी.